झाकण काढलेली डबी

मिस कॉल दिला की करमाडच्या शेतातली मोटार चालू व्हावी, म्हणून मी हौसेनं एक डबी बनवली. ती कशी बनवायची ते नेटवर फुकट टाकलं, तर एका कंपनीची नोटीस आली: पेटंट आमचं आहे, काढून टाका, नाहीतर कोर्टात भेटू. म्हणजे आता घरात बसून चार तारा जोडायचीही चोरी! चिडलो, पण घाबरलो जास्त.

वाचवलं आईनं. मागं एका दसऱ्याला तिनं अवजारांच्या पूजेत डबी मांडली होती. "झाकणाची कसली पूजा? आतलं उघड," म्हणत तिनं सर्किटवर कुंकू टाकलं, तेव्हा मी ओरडलो होतो. पूजेचा आणि मग मोटार चालू केल्याचा व्हिडिओ तिनं तेव्हाच नेटवर टाकला होता, कंपनीच्या पेटंटच्या अर्जाच्या कितीतरी आधी. त्यात आतलं सर्किट स्पष्ट दिसत होतं, आणि आधीच जगजाहीर झालेल्या गोष्टीचं पेटंट टिकत नाही. वकिलानं तो व्हिडिओ पाठवला आणि कंपनीनं नोटीस निमूट मागं घेतली.

यंदा झाकण मीच काढलं. म्हटलं, "टाक आई, किती टाकायचं ते कुंकू."