वरमाईचा डावा पाय

पोराच्या हळदीला मी नाचले, आणि अशी नाचले की आमच्या मालकांनी लाजून मंडपच सोडला. का नाचू नये? स्तनाचा कॅन्सर होऊन ऑपरेशन झालं, केमो झाली, डोक्यावर नवे कुरळे केस आले. रोजची एक हार्मोनची गोळी तेवढी उरली होती.

सकाळी डावी पोटरी ठणकायला लागली. जाऊबाई म्हणाल्या, "नाचा अजून," आणि तेल लावून चांगली रगडून दिली. मग पैठणी नेसून, गजरा माळून तळेगाव ढमढेऱ्याहून आमचं वऱ्हाड दौंडला गेलं.

अक्षता पडल्या आणि माझ्या मानाची वेळ आली. विहिणीनं वरमाईचे पाय धुवायचे. मी खुर्चीत ऐटीत बसले, पाय परातीत ठेवले. विहीणबाईंनी पाणी घातलं आणि थांबल्या. एक पाय धरला, दुसरा धरला, परत पहिला धरला.

"ताई, ह्यो पाय तापलाय. आन् सुजलाय किती."

"नाचलेय मी रात्री."

"मग दोन्ही सुजायला पायजेत. तुम्ही काय लंगडी घातली व्हय?"

मी खो खो हसले, आणि हसतानाच डॉक्टरांचं बोलणं आठवलं. ह्या गोळीनं कधी कधी पायात रक्ताची गाठ होते. एकच पाय सुजला तर चोळायचा नाही, तडक दवाखाना गाठायचा. मी ते विहीणबाईंना सांगितलं मात्र, त्यांनी ओल्या हातानंच मला गाडीत घातलं. मालकांना म्हणाल्या, "तुम्ही पंगत बघा, मी हिला बघते." बघता बघता मी 'तुम्ही'ची 'हिला' झाले.

सोनोग्राफीला पैठणी गुडघ्याच्या वर गेली, पायाला गार जेल लागली आणि आम्ही दोघी पोरींसारख्या फिदीफिदी हसत सुटलो. डॉक्टर हसले नाहीत. गाठ होती. ती सरकून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतेल, म्हणाले. ती गोळी बंद केली, पोटात इंजेक्शन दिलं आणि मला ठेवून घेतलं. तेल चोळलं म्हटल्यावर जाऊबाईंच्या वाटचं मीच ऐकून घेतलं.

पण माझा जीव घरी. सून माप ओलांडणार आणि मी इथं? मी चारदा उठले, विहीणबाईंनी चारदा खांदा धरून झोपवलं. संध्याकाळी मालक आले. म्हणाले, "तुम्ही जावा आता, पोरीची पाठवणी हाय. मी बसतो."

"तुमचं ऐकती व्हय ही? तुमची पाठ वळली की पळंल."

खरंच होतं ते, मी चपला शोधून ठेवल्या होत्या.

तेवढ्यात फोन आला. पलीकडून पोरगी रडत होती, आई कुठंय, गाडी निघाली, म्हणत होती. विहीणबाई एका हातानं माझा खांदा दाबून धरत म्हणाल्या, "जा बाळा, निवांत जा. तुझी सासू माझ्यापाशी हाय."

फोन ठेवला आणि तोंडाला पदर लावून रडल्या. माझ्या खांद्यावरचा हात मात्र काढला नाही. मग मी परत उठले नाही.