क्रिवोव्रहची चौसष्टावी चेश्मा

कतारमधल्या रुवैसच्या बंदरावर दगडी बांध घालायचं काम १९७८ साली सुरू झालं, तेव्हा आमच्या कॅम्पवर चौऱ्याण्णव माणसं होती आणि त्यांतल्या त्र्याण्णव जणांना आपण इथे कसे आलो ते नीट ठाऊक होतं. चौऱ्याण्णवावा नायदेन. त्याच्या बल्गेरियाच्या सरकारनं त्याला कुवेतला उसना दिला होता, कुवेतहून आमच्या कंपनीनं उसना घेतला, आणि तो मूळ मालकाला परत करायची आठवण पुढे कुणालाच राहिली नाही.

नायदेन गवंडी होता. साडेसहा फूट उंच, ओल्या सिमेंटच्या रंगाच्या मिशा, आणि ओळंबा जन्मतःच डोळ्यात बसवलेला. भिंत सूतभर बाहेर गेली की ह्याच्या पोटात दुखू लागे. गाव क्रिवोव्रह. हे नाव उच्चारताना आमच्या लोकांच्या जिभा मुरगळायच्या, म्हणून कोल्हापूरकडच्या केरबा गवंड्यानं पहिल्याच आठवड्यात सगळं सोपं करून टाकलं. नायदेनचा झाला नामदेव उस्ता, म्हणजे उस्ताद, आणि क्रिवोव्रहचं झालं करवीर. नायदेनला दोन्ही पसंत पडलं. आपल्या गावाच्या नावाचा तालुका हिंदुस्थानातही आहे हे त्यानं घरी कळवलंसुद्धा.

त्याचं बोलणं पाव इंग्रजी, पाव कुवेती अरबी, पाव हिंदी आणि उरलेले हातवारे असं असे. मी ते इथे सरळ मराठीत देतो, नाहीतर हातवारे छापायचे कुठे?

१९७९च्या जूनमध्ये एक दिवस जेवणाच्या सुट्टीत तो केरबाला म्हणाला, "मला चेश्मा करायची आहे. येत्या सव्वीस ऑक्टोबरला मी साठ वर्षांचा होतो. त्याच्या आत झाली पाहिजे."

"मग करा की," केरबा म्हणाला. "त्यात लाजायचं काय? आमच्या चुलत्यानं पंचेचाळिशीतच केला."

"पंचेचाळिशीत?" नायदेनच्या डोळ्यांत आदर उभा राहिला. "एकट्यानं?"

"एकट्यानं कशाला? मिरजेला जाऊन केला."

उस्ताला दिसेनासं झालंय ही बातमी संध्याकाळपर्यंत कॅम्पभर झाली. ज्याच्या नजरेवर आख्खा बांध उभा, त्यालाच दिसत नसेल तर अवघडच. पुढच्या गुरुवारी उस्मान ड्रायव्हरनं त्याला पिकअपमध्ये घातलं आणि दोह्याला नसरुद्दीनमियाँच्या चष्म्याच्या दुकानात नेऊन खुर्चीत बसवलं.

नायदेनला वाटलं, हा परवान्याचा काही प्रकार असेल. समोर अक्षरांचा तक्ता होता. नसरुद्दीनमियाँनी सगळ्यांत वरच्या, टोपलीएवढ्या 'एच'वर छडी ठेवली. नायदेन ठणठणीत आवाजात म्हणाला, "न." 'पी'वर छडी ठेवली. म्हणाला, "र." 'बी'ला "व" म्हणाला. बल्गेरियन लिपीत ही अक्षरं ह्याच तोंडवळ्याची असतात, पण उच्चार त्यांच्या घरचे निराळे. ते नसरुद्दीनमियाँना कुठून माहीत असणार? त्यांनी छडी खाली ठेवली आणि उस्मानला बाजूला घेऊन हलक्या आवाजात विचारलं, "मियाँ, हे इथवर चालत आले की धरून आणलंत?"

त्यांनी जाड भिंगाची मोजमापं काढायला घेतली, तेव्हा नायदेनचा संयम सुटला. त्यानं त्यांच्या हातातली पेन्सिल घेतली आणि पावतीच्या पाठीवर चित्र काढलं. दगडी भिंत, तिच्यावर कमान, भिंतीतून बाहेर आलेली तोटी, खाली दगडी कुंडी. उस्मान रत्नागिरीकडचा, घरात उर्दू शिकलेला. त्यानं कागद उलटसुलट करून पाहिला आणि मटकन स्टुलावर बसला.

"डोळ्यांचा नव्हे हो," तो म्हणाला. "हा पाण्याचा चश्मा म्हणतोय. झरा, झरा."

चष्मा मात्र तयार होऊन आलाच. कॅम्पचा स्वयंपाकी तो कांदा चिरताना वापरू लागला.

मग चेश्मा म्हणजे काय, ते नायदेननं आम्हाला सविस्तर सांगितलं. सविस्तर म्हणजे सलग नऊ दिवस.

"आमच्या डोंगरात पिकं तीन," तो म्हणाला. "दगड, बर्फ आणि गवंडी. पहिली दोन कुणी घेत नाही, म्हणून तिसरं बाहेर पाठवतात."

बर्फ वितळलं की क्रिवोव्रहचे सगळे पुरुष गाढवांवर हत्यारं लादून बाहेर पडत. पूल, मनोरे, ख्रिस्ती देवळं, तुर्की पाशासाठी मशिदी, जो सांगेल त्याला जे हवं ते बांधून देत, आणि संत दिमितारच्या दिवशी, म्हणजे सव्वीस ऑक्टोबरला, घरी परतत. ह्या परमुलखी राहण्याला तिकडे 'गुरबेत' म्हणतात.

"आमच्यात गुर्बत म्हणतात," उस्मान म्हणाला.

"आमच्यात दुबई म्हनत्यात," केरबा म्हणाला. "गडी कतारला असला तरी."

मालकाच्या देखत मालकाला शिव्या घालता याव्यात म्हणून ह्या गवंड्यांनी स्वतःची एक चोरटी बोलीही तयार केली होती. केरबाला सगळ्या इतिहासात हेच फार आवडलं. "आमी मराठीवर भागवतो," तो म्हणाला.

तर जन्मभर दुसऱ्यांची घरं बांधणाऱ्या प्रत्येक गवंड्यानं साठीच्या आत एक चेश्मा, म्हणजे वाटसरूंसाठी पाणी, मजुरी न घेता बांधायची असा त्या गावचा नियम. ती गावातच हवी असं नाही, गुरबेतवर बांधलेली चालते. बांधली की नाव गावच्या वहीत चढतं. वहीत नाव तो उस्ता. ज्याचं नाही तो मजूर, मग त्यानं राजवाडे का बांधले असेनात.

वहीत त्रेसष्ट नावं होती. प्रत्येक नावापुढे त्या चेश्मेचं पाणी पहिल्यांदा कोण प्यालं त्याची नोंद. क्रिवोव्रहचा इतिहास म्हणाल तर एवढाच. नायदेनच्या आजोबांच्या चेश्मेवर सुलतानाचा कर वाढवायला आलेला अंमलदार पहिल्यांदा प्याला, आणि पाणी इतकं गार निघालं की कर न वाढवताच परत गेला. बापाच्या चेश्मेवर स्वतःच्याच लग्नातून पळालेला एक नवरदेव प्याला, जरा वेळ बसला आणि मुकाट्यानं मांडवात परत गेला. एका चेश्मेवर अस्वल प्यालं होतं. ते धरायचं की नाही यावर गावात अकरा वर्षं भांडण चाललं.

नायदेन मात्र एका देशातून दुसऱ्या देशात उसना जात राहिला आणि त्याची चेश्मा राहून गेली. "पणजोबा वहीत, आजोबा वहीत, बाप वहीत," तो म्हणाला, "आणि मी मजूर मरणार? नाही मरणार."

तो प्रोजेक्ट मॅनेजरकडे गेला. साहेबानं विचारलं, "ड्रॉइंगमध्ये आहे?"

"नाही."

"मग बांधायचं नाही. समजलं?"

नायदेननं मान जोरात वरखाली हलवली. बल्गेरियात असं केलं की त्याचा अर्थ साफ नकार होतो, हे साहेबाला पुष्कळ उशिरा कळलं.

जागा दिली मजीदनं. हा रुवैसचा होडीवाला. बंदराकडे येणारा रस्ता संपतो तिथे त्याचं मोकळं आवार होतं, आणि वडिलांच्या नावानं तिथे सबील, म्हणजे पाण्याची सोय, करायचं त्याच्या कित्येक वर्षं मनात होतं. मजीद म्हणाला सबील, नायदेन म्हणाला चेश्मा, केरबा म्हणाला पाणपोई, आणि तिघंही एकाच जागेकडे बोट दाखवत होते.

सुट्टीचे शुक्रवार हातात होते सतरा. बांधासाठी आलेल्या दगडांतले टाकाऊ दगड नायदेननं वेचले. जुलैच्या उन्हात दगडाला हात लावला की कातडी तिथेच राहायची, म्हणून पहाटे चारला काम सुरू करायचं आणि नऊला थांबायचं. रमजानात उस्मान रोजा ठेवून वाळू चाळायला येई. केरबा दर गुरुवारी "उद्या मी येनार न्हाई" म्हणून जाहीर करी आणि शुक्रवारी सगळ्यांच्या आधी तिथे हजर असे. नायदेन त्याच्या प्रत्येक जोडावर नखं फिरवी आणि तो जोड उकलायला लावी.

"उस्ता, ही पानपोई हाय का राजाचा मुकुट?"

"वाकडा आहे."

"कुठं वाकडा? मला दिसंना."

"तू चष्मा कर," नायदेन म्हणे.

सप्टेंबरात कमान बसली, आणि मगच खरी अडचण ध्यानात आली. क्रिवोव्रहला चेश्मेच्या पाठीशी डोंगर असतो आणि डोंगरावर बर्फ. रुवैसला चेश्मेच्या पाठीशी मजीदची उपडी होडी होती. कॅम्पवर पाणी येई ते दोह्याहून, टँकरनं, चहा टाकावा इतकं तापलेलं. असं पाणी पाजून कुठला अंमलदार परत जाणार?

नायदेन तीन दिवस त्या होडीभोवती फेऱ्या घालत राहिला. चौथ्या दिवशी केरबा म्हणाला, "उस्ता, डोंगर ऱ्हाऊ द्या. रांजण लावू या."

भिंतीच्या मागे सावलीत मातीचे तीन मोठे रांजण, भोवती ओली वाळू, वर गोणपाट, आणि तळाशी तोटी. नायदेनला हे अपमानास्पद वाटलं. त्याच्या खानदानात मडक्याची चेश्मा कुणी बांधली नव्हती. पण केरबानं एका रांजणातलं पाणी रात्रभर ठेवून सकाळी त्याच्यापुढे धरलं. नायदेन प्याला, मिशा पुसल्या आणि एवढंच म्हणाला, "तीन नको. पाच."

सव्वीस ऑक्टोबर शुक्रवारीच आला. चेश्मा तयार होती, रांजण भरले होते, आणि नायदेननं आम्हाला शेवटचा नियम तेव्हा सांगितला. पहिलं पाणी अनोळखी माणसानं प्यायला हवं. त्याला गवंडी माहीत नसावा, त्याला कुणी बोलावलेलं नसावं, त्याला आपली आपण तहान लागलेली असावी. आणि हे सूर्य बुडायच्या आत.

"आवं, हे आधी सांगायचं न्हाई का?" केरबा म्हणाला. "रस्ता हितंच संपतोय. हितं अनोळखी कोन मरायला येतोय?"

आम्ही सगळे उपड्या होडीआड जाऊन बसलो. सकाळपासून जो येई तो लांबूनच हात करून अरबीत ओरडे, "या नायदेन!", म्हणजे "अरे नायदेन!" रुवैसमध्ये त्याला ओळखत नाही असं माणूस नव्हतं, सगळ्यांनी त्या अस्वलाची गोष्ट निदान दोनदा ऐकली होती.

"चार म्हयने गप बसला असता," केरबा कुजबुजला, "तर आज ही पाळी आली नसती."

दुपारी दोह्याहून एक सेल्समन आला, अगदी अनोळखी. गाडीतून उतरला, कमानीकडे पाहिलं, तिच्या सावलीत उभा राहिला आणि हातातली पेप्सी पिऊन निघून गेला. दुसरा कुणी आलाच तर त्याला देता यावा म्हणून केरबानं खारवलेल्या सुक्या माशाचा तुकडा खिशात आणला होता. नायदेननं तो काढून घेतला. "तहान त्याची हवी. तुझी नको."

चार वाजले. उन्हं होडीवरून उतरली. नायदेन मांडीवर गावाहून मागवून घेतलेली वही ठेवून ताठ बसला होता आणि सूर्याकडे अशा नजरेनं बघत होता, जणू तोही सूतभर वाकडा चाललाय. मजीदनं घड्याळ काढून ठेवलं, बघायला नको म्हणून.

साडेचारला रस्त्यावर धूळ दिसली. आमचा पाण्याचा टँकर. पण स्टिअरिंगवर नेहमीचा माणूस नव्हता. नवा होता, गुरुवारी निघून वाट चुकलेला, दोन ठिकाणी वाळूत रुतलेला. टँकर थांबला. माणूस उतरला, स्वतःच्या टाकीच्या नळाखाली हात धरला, चटका बसून मागे घेतला आणि झटकला. मग त्याला कमान दिसली.

केरबानं माझं मनगट धरलं होतं ते पुढे दोन दिवस दुखत होतं.

तो माणूस तोटीखाली ओणवा झाला. एक ओंजळ प्याला. थांबला. दुसरी प्याला. मग तोंडच तोटीला लावलं आणि बराच वेळ वर केलं नाही.

नायदेन होडीमागून साडेसहा फूट उभा राहिला, तेव्हा तो बिचारा दचकून दोन पावलं मागे सरला.

"पाणी कसं आहे?" नायदेननं विचारलं.

"खूप गार," तो म्हणाला. "कुठून आणता?"

"तुमच्याच टँकरातनं," केरबा म्हणाला. टँकरवाल्याला ती थट्टा वाटली.

"नाव काय तुमचं?"

"रहमान."

"मला ओळखता?"

"नाही जी. ओळखायला हवं का?"

"नको, मुळीच नको," म्हणत नायदेननं वही उघडली. अक्षरं ओळंब्यात पडली: चौसष्ट. नायदेन, क्रिवोव्रहचा. रुवैस, कतार. पहिलं पाणी: रहमान, टँकरवाला. साक्षीला केरबानं मराठीत सही केली, उस्माननं उर्दूत, मजीदनं अरबीत. रहमान मात्र सही करेना. त्याला वाटलं ही उशिराबद्दलची तक्रार आहे. "उशीर माझा नाही, रस्त्याचा आहे," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. उस्माननं बरीच समजूत घातली, तेव्हा त्यानं अंगठा उठवला.

सूर्य समुद्राला टेकायला अजून दोन बोटं अवकाश होता. नायदेननं वही मिटली आणि केरबाच्या खांद्यावर हात ठेवला. केरबाला वाटलं, आता मिठी मारणार.

"कमानीचा डावा जोड," नायदेन म्हणाला. "उद्या उकलायचा."

"तुमी वहीत चढला न्हवं आता? मग कशाला?"

"वहीत चढलो म्हणूनच."

रहमान टँकरकडे निघाला, मग थबकला. पाठीशी दीड हजार गॅलन पाणी उभं करून तो परत तोटीपाशी आला आणि आपली बाटली काठोकाठ भरून घेतली.