डोळ्यांनी शिकलेलं इंग्रजी

‘हायपरबोल,’ मी म्हणाले.

हॉलमध्ये सात-आठ माणसं जेवून बसली होती. साहेब, त्यांच्या बाई, पाहुणे, अन् नागपूरला कॉलेजात शिकणारा साहेबांचा मुलगा. मी दाराशी उभी. चपला बाहेर काढलेल्या. मुलानं एका चिठ्ठीवर शब्द लिहून माझ्यापुढं धरला होता. मी तो वाचला. अर्थही सांगितला, ‘अतिशयोक्ती.’ अर्थ बरोबर होता. तो कोणी ऐकलाच नाही. एका बाईंनी हातातला कप खाली ठेवला, हसताना चहा सांडू नये म्हणून.

‘वन्स मोअर,’ मुलगा म्हणाला.

मला वाटलं, शाबासकी आहे. मी परत म्हणाले. ते परत हसले.

दुसरी चिठ्ठी. ‘एपिटोम.’ तिसरी. ‘फॅकेड.’ तिसऱ्या शब्दाला माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हसू माझ्या उच्चारांचं होतं. चौथी चिठ्ठी पुढं आली. चौथा शब्दही मी बोलले.

हे आधीच सांगून टाकते. कळल्यावरही मी बोलले.

कारण साहेबांच्या टेबलाच्या खणात माझा फॉर्म पडला होता.

मी भंडाऱ्याजवळच्या एका कारखान्यात टायपिस्ट होते. आमचं गाव तिथून सायकलनं तासाभरावर. तलावाखाली आमचं धानाचं वावर. घरात मॅट्रिकच्या पुढं जाऊन बाहेरून बी.ए. झालेली मी एकटी. इंग्रजी पाचवीपासून होतं, पण मास्तर ते मराठीतूनच शिकवायचे. फळ्यावर शब्द, पुढं अर्थ. आम्ही उतरून घ्यायचो. इंग्रजी तोंडानं बोलणारा माणूस मी नोकरीला लागेपर्यंत पाहिलाच नव्हता.

साहेब पर्सोनेल मॅनेजर. पुण्याकडचे. त्यांच्या मुलाला बिझनेस मॅनेजमेंटच्या प्रवेशपरीक्षेला बसायचं होतं. त्या परीक्षेत इंग्रजी शब्दांचा मोठा पेपर असायचा. समानार्थी, विरुद्धार्थी, जोड्या. मुलासाठी शब्दांच्या याद्या टाइप करायचं काम माझ्याकडं आलं. जाड पुस्तकातून उतरवायचं, रविवारी बंगल्यावर पोचवायचं. मी कार्बन लावून एक प्रत जास्त काढायला लागले. ती माझी.

रोज पंधरा शब्द. सायकलच्या हँडलला कागद बांधून. रोवण्यात चिखलात वाकून धानाची रोपं, पऱ्हे, लावतानाही मनात शब्द चालूच. माय म्हणायची, ‘काय पुटपुटून राहिली वो? मंत्र हाय का थो?’

सहा महिन्यांत अडीच हजार शब्द झाले. मग मला वाटलं, ज्याच्यासाठी टाइप करते त्यानंच का बसावं? मी पण बसीन. संस्थेला पत्र टाकून फॉर्म मागवला. नोकरी करणाऱ्याच्या फॉर्मवर साहेबांची सही लागायची. मी फॉर्म भरून साहेबांच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी तो वाचला. चष्मा काढला. माझ्याकडं खालून वर पाहिलं.

‘तू बसणार?’

‘हो सर. मी तयारी करतो आहे.’

‘करतो? मुलगी असून करतो?’

आमच्याकडं बायाही ‘करतो’, ‘जातो’ म्हणतात. मला ती चूक आहे हेच माहीत नव्हतं.

‘आधी मराठी तर बोल,’ साहेब म्हणाले. ‘बरं, रविवारी ये. बघू तुझं इंग्रजी.’ फॉर्म खणात गेला.

तो रविवार मी वर सांगितला.

मग पुढचा रविवार. अन् त्याच्या पुढचा. दर वेळी नवे पाहुणे, नव्या चिठ्ठ्या. साहेब ओळख करून द्यायचे, ‘ही आमची डिक्शनरी.’ मी दाराशी उभी राहून शब्द बोलायची. ते हसायचे. बरोबर कसं म्हणायचं, ते एकानंही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर खेळ संपला असता. निघताना मी विचारायची, ‘सर, सही?’ ते म्हणायचे, ‘बघू.’

घरी मायला सांगितलं. ती चूल फुंकत होती. ‘नौकरी हाय ना? मंग चूप राय. हासते त हासू दे.’ तिचंही खोटं नव्हतं. आमच्या घरातल्या तीन पिढ्या कोणाच्या तरी दाराशी उभ्या राहिल्या होत्या. मी जाऊ कुठं? सही नाही तर फॉर्म नाही. बंगल्यावर गेले नाही तर सही नाही. गेले तर मी माणूस नाही. ऑफिसात टाइप करता करता बोटं थांबायची. शब्द समोर दिसायचा, अन् तो मनातल्या मनात म्हणायचीही मला भीती वाटायची. अडीच हजार शब्द पोटात होते अन् एकही तोंडावर आणायची हिंमत उरली नव्हती.

चौथ्या रविवारी पाहुण्यांत एक म्हातारे गृहस्थ होते. मुलानं चिठ्ठी धरली. मी शब्द पाहिला. ‘सर्व्हाइल.’ अर्थ मला पाठ होता. गुलामासारखा. दुसऱ्याच्या पायाशी लोळणारा.

मी चिठ्ठी त्याच्या हातातून घेतली.

‘याचा अर्थ काय होते?’ मी त्याला विचारलं.

तो हसला. बापाकडं पाहिलं. याद्या त्याच्यासाठी होत्या, पण त्यानं त्या उघडल्याही नव्हत्या.

‘तू सांग की,’ साहेब म्हणाले.

‘मी नाई सांगत.’

‘काय?’

‘मी नाई सांगत. आता एकही शब्द नाई. माहा फॉर्म द्या.’

कोणी हसलं नाही. म्हातारे गृहस्थ खाली पाहायला लागले. साहेबांचा चेहरा लाल झाला. ‘कुणाशी बोलतेस तू? अन् ही कसली भाषा?’

‘माह्या घरची हाय.’

चपला घालताना अंगठा पट्ट्यात जाईना. हातात धरल्या अन् फाटकापर्यंत अनवाणी गेले.

सोमवारी फॉर्म माझ्या टेबलावर होता. सही नाही. वर लाल शाईत लिहिलेलं, शिफारस नाही. फॉर्म पोचायची तारीखही निघून गेली होती. माझं मशीन दुसऱ्या मुलीला दिलं. मला जावक टपालावर बसवलं. दिवसभर पाकिटं चिकटवायची.

तीन महिने चिकटवली. मग एक दिवस राजीनामा लिहिला. इंग्रजीत, चार ओळी. साहेबांनी दोनदा वाचला, चूक शोधत. ‘कुणी लिहून दिला?’

‘मीच.’

घरी माय म्हणाली, ‘नौकरी सोडून आली? मंग आता काय करशीन?’

‘परीक्षा देईन.’

‘अन् नाई झाली त?’

‘परत देईन.’

ती म्हणाली, ‘उद्या बांधीवर ये. हात कमी पडून राहिले.’ शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

दिवसा वावरातल्या धानाच्या बांध्या, अन् आठवड्यातून दोनदा भंडाऱ्याचं वाचनालय. तिथल्या जाड डिक्शनरीत प्रत्येक शब्दापुढं बारक्या खुणा होत्या. इतकी वर्षं मी त्या ओलांडून अर्थाकडं गेले होते. पहिल्या पानांवर त्यांची किल्ली सापडली. उच्चाराच्या खुणा होत्या त्या! हायपरबोल नव्हे, हायपर्बली. मी बसल्या जागी रडले. मग अडीच हजार शब्द पहिल्यापासून काढले. वावरात मोठ्यानं म्हणायची. बाजूच्या बांधीतल्या बाया म्हणत, पोरीले लागीर झालं.

पुढच्या वर्षी फॉर्ममध्ये नोकरीच्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं. सही कोणाचीच लागली नाही. वरठी स्टेशनावरून गाडी धरून नागपूरला गेले, पेपर दिला. लेखीत पास झाले. मुलाखतीला बोलावणं आलं.

टेबलापलीकडं तीन माणसं. बोलता बोलता मी एक शब्द चुकले. मधल्या माणसाच्या ओठांवर ते हसू आलं. मी ते लगेच ओळखलं.

मी थांबले. मोडक्या इंग्रजीत म्हणाले, ‘हा शब्द मी वाचला आहे, ऐकला नाही. कसा म्हणतात ते सांगा. मग मी पुढं बोलते.’

त्यानं सांगितला. हसू गेलं होतं. मी तो नीट म्हटला अन् माझं वाक्य पूर्ण केलं.

त्यांनी मला घेतलं नाही. पत्र आलं तेव्हा मी वावरातून आले होते, हाताला चिखल होता. वाचलं. हात धुतले अन् नवा फॉर्म मागवणारं पत्र लिहायला बसले.

माय समोर येऊन उभी राहिली. मीच सांगितलं, ‘परत बसतो. मी चुकीन. शंभरदा चुकीन. पण कोनाच्या दाराशी उभी राहून नाई.’