रस्त्याकडेची तीन भोकं

माती तपासायच्या खात्यात सव्वीस वर्षं काढलेल्या त्या माणसाला अख्खं ऑफिस 'गिरमिट' म्हणायचं. एक तर गिरमिट, म्हणजे जमिनीत फिरवून खालची माती वर काढायचं लोखंडी हत्यार, कायम त्याच्या खांद्यावर. आणि दुसरं म्हणजे गडी एकदा बोलायला लागला की ऐकणाऱ्याच्या डोक्याला भोक पडेपर्यंत थांबायचा नाही! चिमूटभर माती ओली करून दोन बोटांत वळायची आणि सांगून टाकायचं, हिच्यात काय येईल, काय नाही. प्रयोगशाळेचा कागद पंधरा दिवसांनी यायचा आणि तेच सांगायचा.

असा हा माणूस त्या दिवशी नगररचना कार्यालयात भिंतीवरच्या नव्या आराखड्यासमोर उभा राहिला आणि त्याचं डोकंच फिरलं. शहर कुठे वाढू द्यायचं आणि शेती कुठे राखायची, हे त्यात ठरणार होतं. नियम शहाणपणाचा होता. भारी जमीन हिरवी, तिला हात लावायचा नाही. हलकी जमीन पिवळी, तिच्यावर घरं बांधा. पण नदीच्या वळणावरचा पट्टा, जिथे त्याची थोरली बहीण चाळीस वर्षं भाजीपाला काढत होती, तो होता पिवळाधमक!

"डोळे फुटलेत का तुमचे?" त्याने टेबलावर हात आपटला. "छातीभर काळी माती आहे तिथे! कोणत्या गाढवाने हलकी लिहिली?"

नकाशे काढणाऱ्या बाईंनी शांतपणे जुनी फाईल काढून पुढे सरकवली. "सही बघा, काका."

सही त्याचीच होती.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं ते. पट्ट्यात जीप शिरेना आणि साहेबांना बुटाला चिखल नको होता. "जमीन तीच की रे, पाड इथेच भोकं," असं ते म्हणाले आणि याने रस्त्याकडेलाच तीन भोकं पाडली. तिथे रस्त्याच्या भरावाचा मुरूम होता. मुरूम निघाला, मुरूम लिहिला. बहिणीच्या शेताची माती साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे, कागद कोण वाचतोय, असं म्हणून हसला होता तेव्हा. माणसं मात्र कागदच वाचत होती. चोवीस वर्षं एका नकाशावरून दुसऱ्या नकाशावर तोच मुरूम उतरत होता.

स्वतःलाच शिव्या घालत तो तडक शेतावर गेला. बहीण मुळे उपटत होती. सगळं ऐकल्यावर तिने हातातली जुडी खाली टाकली.

"जगाची माती चोळत फिरलास, बहिणीचीच तेवढी लांबून बघितलीस होय?"

"अक्का, साहेब म्हणाले..."

"साहेब म्हणाले म्हणून तुला मुरूम ओळखू येईना? पोटात तरी माझ्याच हातचं जात होतं ना रे तेव्हा?"

ती कुदळ घेऊन आली आणि त्याच्या पायाशी आपटली. "खण. अगदी मधोमध."

तो खणत गेला. छातीपर्यंत खड्डा झाला तरी कुदळीला खडा लागला नाही. वीतवीतभर खोलीवरची माती त्याने वेगवेगळ्या डब्यांत भरली आणि शुक्रवारी, हरकतींच्या शेवटच्या दिवशी, ते डबे सुनावणीच्या टेबलावर ओळीने मांडले.

सुनावणीचे अधिकारी वैतागले. "नोंद तुमची, हरकतही तुमचीच? निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. खोटी नोंद केली म्हणून लिहून दिलंत तर चौकशी लागेल."

"लावा! बोटभर माती तयार व्हायला शेकडो वर्षं जातात आणि तुम्ही ती एका दुपारी काँक्रीटखाली गाडणार. मग भाजी काय गच्चीवरच्या टाकीत पिकवणार? द्या तो कागद."

त्याने लिहून दिलं. तीन नोंदी खोट्या, मी केल्या. मग नकाशे घेऊन बसलेल्या त्याच बाईंनी हळूच विचारलं, "काका, त्याच वर्षीच्या, त्याच जीपच्या आणखी चौतीस नोंदी आहेत. त्या?"

"त्याही रस्त्यावरच्याच," तो म्हणाला. "सगळ्या पुन्हा खणायला लागतील."

अधिकाऱ्यांनी कपाळाला हात लावला, पण कबुलीच समोर आल्यावर करतात काय? तेवढ्या भागाचा आराखडा फेरतपासणी होईपर्यंत थांबवला. महिन्याभरात अक्काचा पट्टा हिरवा झाला. चौतीसपैकी तेवीस जागा गिरमिटाने नव्याने खणल्या, प्रत्येक वेळी शेताच्या मधोमध, आणि अधिकाऱ्यांना पँट दुमडून बांधावरून चालायला लावून. चौकशीची नोटीस खड्ड्यातच मिळाली. "सही करतो, पण आधी टेपचं ते टोक धरा," असं म्हणून त्याने ती आणणाऱ्या शिपायालाही कामाला लावलं.

उरलेल्या अकरा जागी पाच-पाच मजली इमारती उभ्या होत्या. तिथेही तो गेला. एका फाटकावर रखवालदाराने विचारलं, "कोणाकडे जायचंय?"

"कोणाकडे नाही," तो करवादला. "ही जमीन कशी होती, ते लिहायला आलोय. कोणीतरी खरं लिहायला नको?" आणि फुटपाथच्या कडेला बसून त्याने वही उघडली.