शनिवारी आणलेलं लोखंड

माझी गाडी वीस वर्षांची आहे आणि वयाला न शोभेल अशी पळते. नवऱ्याला ती कधीच आवडली नाही. “तू गाडी चालवत नाहीस, उधळतेस,” असं तो म्हणतो आणि शेजारी बसला की वरची कडी घट्ट धरून ठेवतो. मला त्याची गंमत वाटायची. भीती म्हणून माझ्या अंगात फारशी नव्हतीच. मुलीला गाडी द्यायची वेळ आली तेव्हा ती आली.

तिला पुण्यात नोकरी लागली होती. दर आठवड्याला बसचे धक्के खाण्यापेक्षा माझी गाडी ने, असं मीच ऐटीत म्हणून बसले. त्याच आठवड्यात नवी मुंबईत पाम बीच रोडवर ब्रेक मारला आणि पायाखालचं पेडल थरथरलं. गाडी थांबली नीट, पण मला घाट आठवला. पुण्याला जाताना घाट चढायचा असतो, येताना उतरायचा. रविवारची संध्याकाळ, पुढेमागे कंटेनर आणि लेक एकटी. हे चित्र डोळ्यांपुढून हलेचना.

गॅरेजवाल्याने चाक काढून दाखवलं. चाकाच्या आत एक जाड लोखंडी चकती असते, डिस्क. ब्रेक दाबला की पॅड तिला दोन्ही बाजूंनी चावून धरतात. माझ्या डिस्क झिजून त्यांच्या काठाला कंगोरा आला होता.

“मॅडम, टेन्शन नका घेऊ. लेथवर एक कट मारून आणतो. एकदम आरसा!”

आपल्याकडे डिस्क अशी घासून वापरणं सर्रास चालतं. पण कमीत कमी किती जाडी हवी ते डिस्कच्या कडेवरच कोरलेलं असतं, आणि मापून पाहिलं तर माझी आधीच तिथवर आली होती. आणखी घासली असती तर पापड झाला असता. नवीन घ्यायच्या ठरल्या.

शनिवारी आम्ही मायलेकी दुकानात गेलो. दुकानदाराने समोर भोकाभोकांच्या, चमचमत्या डिस्क मांडल्या. लेक हरखली. “आई, रेसिंगवाल्या! चाकातून काय भारी दिसतील.” मी एकेका भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. खरखरीत होती. बनवणाऱ्याचं नाव कुठेच नव्हतं. घाटात ब्रेक तापले आणि या भोकांपासून तडा गेला तर? दुकानदार म्हणाला, “चालतं हो, सगळे घेतात.” सगळे घेतात हे ऐकून मला कधीच धीर आलेला नाही. मी साध्या, जड, बिनभोकांच्या डिस्कची जोडी घेतली, बरोबर नवे पॅड. “काकूंच्या डिस्क,” लेक म्हणाली आणि सीवूड्सला घरी पोचेपर्यंत तोंड फुगवून बसली.

घरी सासूबाई. मूळच्या साताऱ्याकडच्या, मी त्यांना आत्या म्हणते. खोकं पाहताच त्यांचा चेहरा पडला. “शनवारी लोखंड घरात आणलंस? पोरीच्या गाडीचं?”

“आत्या, दुकान रविवारी बंद असतं,” मी म्हटलं आणि हसून विषय संपवला.

सोमवारी डिस्क बसल्या. गॅरेजवाल्याने खोक्यातून काढल्या, फडक्याने पुसल्या आणि लावल्या. नव्या डिस्कला गंज लागू नये म्हणून तेलकट थर असतोच, त्यामुळे त्यालाही काही वावगं वाटलं नाही आणि मलाही नाही. तो थर धुऊन काढायचा असतो, हे आम्ही दोघंही विसरलो. परतताना लेक चालवायला बसली, मी शेजारी. गल्लीत ब्रेक जरा मऊ वाटले. “नवे आहेत, बसायला वेळ लागतो,” मी शहाणपणा सांगितला.

पुलाच्या उतारावर समोर लाल सिग्नल होता. एका स्कूटरवर बाई आणि मागे तिला बिलगलेलं पोर. लेकीने ब्रेक दाबला. गाडी थांबेना. तिने आणखी दाबला, अगदी सीटवरून उठून दाबला, आणि गाडी तशीच घसरत राहिली. “आई, धरत नाहीये! आई!” तिचा तो आवाज मी तिच्या लहानपणानंतर ऐकला नव्हता. मी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. गाडी स्कूटरपासून हातभर अंतरावर थांबली. त्या बाईने मागे वळूनही पाहिलं नाही. मी दार उघडून उतरले.

पुढच्या चाकांतून धूर येत होता. त्याला वास होता, आणि तो ओळखीचा होता. कढईत तेल तापून मोहरी टाकायची वेळ होते, तेव्हाचा.

गाडी कडेला लावून आम्ही रिक्षाने घरी गेलो आणि मी विचारलं. सासूबाईंनी काही लपवलं नाही. “मीच लावलं की. शनवारचं लोखंड, शनीला तेल लागतं. त्यात हितली हवा खारी, माझा तवासुदिक गंजतो. म्हणून दोन्ही अंगांनी गोड्या तेलाचा हात फिरवला.” मग आमचे चेहरे पाहून त्या थांबल्या. काय झालं ते लेकीने सांगितलं. त्या भिंतीला धरून खाली बसल्या. “माझ्या हातनं पोर गेली असती,” एवढंच म्हणाल्या आणि रात्री जेवल्या नाहीत. मला त्यांचा राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण त्यांना तसं बसलेलं पाहून तो गिळला, आणि दुसऱ्या दिवशी सगळा गॅरेजवाल्यावर काढला.

डिस्क धुतल्या, तेल प्यायलेले पॅड फेकून नवे घातले. लेक मात्र गाडीच्या किल्लीला हात लावेना. बसने जाईन म्हणाली. शेवटी मी ठरवलं, आधी घाट मी उतरून बघते. निघताना सासूबाई चपला घालून दारात उभ्या. गाडीत त्या नेहमी मागे बसतात, डोळे मिटून. त्या दिवशी लेक मागे बसली आणि त्या पुढचं दार उघडून बसल्या. “चूक माझी हाय, तर मला पुढंच बसू दे.”

लोणावळ्यापर्यंत चढून गेलो आणि तिथून वळून उतरायला लागलो. पहिल्या वळणावर मी ब्रेक दाबला. ब्रेकने गाडी धरली. दुसऱ्या वळणावर धरली. गरज नसताना मी पुन्हा पुन्हा दाबून पाहत होते, मागून ट्रकवाले हॉर्न मारत होते. सासूबाई हातातली जपमाळ विसरून माझ्या पायाकडे बघत होत्या.

खोपोलीला चहाला थांबलो. चहा संपला तरी त्या खाली उतरल्या नाहीत. काच खाली करून लेकीला म्हणाल्या, “आता तू चालव. परत वर जा आन् परत उतर. मी हितंच बसते.”

“आजी, मला भीती वाटते गं.”

“मला बी वाटती. बस.”

लेक माझ्याकडे पाहत राहिली. नको म्हणावं, असं माझ्या ओठांवर आलं होतं. मी किल्ली तिच्या हातात दिली, मागचं दार उघडलं आणि जन्मात पहिल्यांदा माझ्याच गाडीत मागे बसले. घाटाचा उतार सुरू झाला तसा माझा उजवा पाय आपोआप पुढे गेला. तिथे दाबायला काहीच नव्हतं.