सात मिलिमीटर आणि अक्षता

पन्नाशीच्या उंबरठ्यावर मी शिकारीचा परवाना मिळवला, हे सांगताना अजूनही थोडे अवघडल्यासारखे होते. जर्मनीत कार्ल्सरूहेच्या आमच्या कार्यालयातले बरेच सहकारी शरद ऋतूत हाक्याच्या शिकारीला एकत्र जात, आणि सोमवारी त्यांच्या गप्पांत मला शिरकाव नसे. तेवढ्यासाठी मी झाडे, कुत्री आणि कायदे यांचा विद्यार्थ्यासारखा अभ्यास केला आणि एका निवृत्त, धिप्पाड शिकाऱ्याची जुनी रायफल विकत घेतली.

तिचे कॅलिबर त्याच्या खांद्याला शोभणारे होते, माझ्या नव्हे. बार उडाला की मी मागे आणि चष्मा पुढे, अशी आमची पांगापांग होई. हाक्याला जायचे तर आधी रुळांवरून धावणाऱ्या कागदी रानडुकरावर नेम सिद्ध करावा लागे, आणि मी तर धास्तीने डोळे मिटूनच चाप ओढू लागलो होतो.

शेवटी गावातल्या बंदुका दुरुस्त करणाऱ्या बाईंकडे गेलो. नळी बदलून सात मिलिमीटरचे, सौम्य कॅलिबर बसवावे, अशी विनंती केली आणि तिच्या समर्थनार्थ संवेग व वस्तुमान यांवर काहीसे सविस्तर विवेचन केले.

बाईंनी ते शांतपणे ऐकून घेतले. "म्हणजे दुखतं," त्या म्हणाल्या.

"गेनाऊ, अगदी बरोबर," मी म्हणालो.

नवी नळी बसली, तिच्यावर सरकारी चाचणीचा शिक्का उमटला आणि रायफल घरी आली, ती नेमकी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. सासरे मुक्कामाला होते. दुसऱ्या दिवशी मी दरवर्षीप्रमाणे लॅपटॉप आणि स्क्रू-ड्रायव्हर पाटावर मांडले.

"जावईबापू, कपाटात खरं शस्त्र आणि पूजा स्क्रू-ड्रायव्हरची? अहो, रावणाला काय स्क्रू ढिले करून मारला?"

सासऱ्यांना नाही म्हणणे मला कधीच साधलेले नाही. रायफल पाटावर आली. त्यांनी हळद-कुंकू लावले, झेंडू वाहिला, मूठभर ओलसर अक्षता वाहिल्या आणि नळीच्या तोंडाकडे पाहून किंचित हिरमुसले. "भोक फारच बारीक करून घेतलंत हो."

शनिवारी नेमबाजीच्या मैदानावर पांढऱ्या मिशांच्या पर्यवेक्षकांनी शिस्तीप्रमाणे नळीतून आरपार पाहिले. आरपार काही दिसेना. त्यांनी गज घातला, तेव्हा टेबलावर लाल तांदूळ सांडले. रांगेत मागे माझे सहकारी उभे होते.

"हे काय?"

"तांदूळ."

"शिजवलेला?"

"नाही. हा आशीर्वाद आहे. सासऱ्यांचा."

"आमचा पाद्रीही शिकारीआधी कुत्र्यांवर पवित्र पाणी शिंपडतो," ते गंभीरपणे म्हणाले, "पण नळीत ओतत नाही."

नळी स्वच्छ झाली. कागदी डुक्कर धावले. धक्का खरोखरच एखाद्या बाळाने ढकलावे इतकाच होता. डोळे मात्र सवयीने आधीच मिटले होते. डुक्कर प्रत्येक खेपेला सुखरूप पलीकडे पोहोचले.

"रायफल उत्तम झाली आहे," पर्यवेक्षक म्हणाले. "आता पापण्यांनाही सौम्य कॅलिबर बसवून घ्या. यंदा बंदूक घेऊन हाक्याला जाता येणार नाही."

माझा चेहरा पाहून एका सहकाऱ्याला राहवले नसावे. "आल्झो, तर मग, आम्हाला हाकारे कमी पडतायत," तो म्हणाला. "बंदूक नको, काही नको. झाडीतून ओरडत जायचं आणि डुकरं उठवायची. येतोस? आवाज आहे ना तुला?"

"आहे," मी म्हणालो.

त्याने कानामागे हात धरला. "काय?"