पायाळूची कंबर

मी पायाळू. म्हणजे आईच्या पोटातून डोक्याऐवजी पायांनी बाहेर आले. त्यात माझं कर्तृत्व काही नाही, उलट त्या बिचारीला मरणाच्या दारात बसवून आले. पण आमच्या भागात अशा माणसाच्या पायात गुण असतो म्हणतात. कुणाच्या पाठीत उसण भरली, कुणाची कंबर धरली, की त्यानं पालथं झोपायचं आणि पायाळूनं त्याच्या पाठीवरून तीनदा पाय फिरवायचा. उसण पळते. पळून कुठं जाते ते कुणी विचारत नाही. मला विचाराल तर ती माझ्याच कमरेत मुक्कामाला यायची.

सिरसाळ्याच्या बाजाराला पायी जाता येईल एवढ्यावर माझं सासर. मोगलाई होती तेव्हा, निजामाची. मला मागणी आली ती रूप बघून नाही, माझे पाय बघून. सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, बघायला आल्या त्या पहिलं हेच बोलल्या, "पोरगी नक्की पायाळू हाय ना? का उगं सांगताव?" माझ्या आईनं सुइणीला बोलावून साक्ष द्यायला लावली. म्हैस घेताना दात बघतात, तसं.

मग काय, दर आयतवारी सकाळी ओसरी भरायची. सगळे पुरुष. बायांच्या पाठी दुखत नसतील असं नाही, पण बाईनं पाठ दुखते म्हणून दुसऱ्याच्या ओसरीवर जायचं म्हणजे घरचं दळण कुणी करायचं? पुरुष मात्र नारळ घेऊन कण्हत यायचे. शेजारच्या गावचे देशमुख यायचे बैलगाडीतून, खाली दोन गाद्या घालून. त्यांची कंबर कशानं दुखायची, तर लोडाला टेकून बसून. जेवायचं, टेकायचं, पान खायचं, पुन्हा टेकायचं. एवढ्या कष्टानं कुणाचीही कंबर जाईल.

आणि हेच लोक एरवी मी उंबऱ्यापाशी दिसले तर खाकरायचे. म्हणजे आत जा. सुनेचं डोकं उघडं दिसलं तर गावात चार दिवस बोलायचे. आयतवारी मात्र त्याच सुनेच्या टाचेखाली पालथे. मी डोक्यावरचा पदर हनुवटीपर्यंत ओढायचा आणि पाय मात्र त्यांच्या उघड्या पाठीवर द्यायचा. अब्रू सगळी तोंडाला असते, पायाला नसते, हे मला तिथं कळलं.

बरं, एवढ्यावर भागत नव्हतं. वडीलधाऱ्याला पाय लागला म्हणजे पाप. ते फेडायला मी लगेच वाकून त्याच माणसाच्या पायावर डोकं ठेवायचं. पाय उचला, फिरवा, उतरा, वाका, डोकं टेका, उठा. पुढचा. त्याचं दुखणं जायचं आणि वर त्याला नमस्कारही मिळायचा.

पहिल्या बाळंतपणात माझी कंबर गेली. खाली माकडहाडापासून कळ निघायची ती डाव्या पायाच्या घोट्यापर्यंत जायची, तापलेली तार ओढल्यासारखी. आत्याबाईंना सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "पायाळूला कवा उसण भरती का? काय बी बोलती."

"भरली हाय, आत्याबाई."

"मग गप बस. लोकाला कळलं तर कोण यील? म्हणतील, हिचीच हिला बरी करता यीना." भाकरी तव्यावर टाकली. "आन् पाय उचलंना झाला तर तुझं हितं काय काम हाय? माझ्या भावाची पोर अजून बिनलग्नाची हाय."

झाली होती मला मुलगी. मुलगा असता तर ती भावाची पोर माझ्या डोळ्यापुढं अशी नाचवता आली नसती. लेकीला घेऊन माहेरी जायचं, तर तिथं भावजय. म्हणजे कंबर लपवायची, एवढंच हातात राहिलं.

आता लपवायची कशी, ते ऐका. त्याची पण कला असते. सकाळी उठताना सरळ उठायचं नाही. कुशीवर वळायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे, हातानं जमीन रेटायची, मग मेढीला धरून उभं राहायचं. लुगड्याच्या आत जुन्या धोतराचा पट्टा कमरेला करकचून आवळायचा. जात्यावर समोरासमोर न बसता जरा तिरकं बसायचं, डावा पाय लांब सोडायचा. खुंटा एका हातानं थकला की दुसऱ्या हातानं. कळ आली की ओवीचा सूर तिथंच लांबवायचा, म्हणजे कण्हणं त्यात जिरतं. माझी जाऊ म्हणायची, "बाई, तुजा गळा लई गोड हाय, सूर किती लांबविती." मी म्हणायची, हो बाई. भाकरी झाल्या की चुलीच्या राखेत मिठाची पुरचुंडी गरम करून ठेवायची आणि भांडी घासताना कुणी बघत नसलं की कमरेला लावायची. निर्गुडीचा पाला शेकायला घेतला तर वास येतो, म्हणून तो फक्त आत्याबाई शेतात गेल्यावर. आणि घागर भरताना काठापर्यंत भरायची नाही. चार बोटं रिकामी. चार बोटांची चोरी रोज करून मी किती वर्षं काढली.

बरी होत नव्हते मी. बरं होणं हा त्यातला विषयच नव्हता. आज संध्याकाळपर्यंत कुणाला कळलं नाही, झालं.

अशात एका आयतवारी गिरदावर आला. गिरदावर म्हणजे जमिनी तपासत फिरणारा सरकारी अंमलदार. घोड्यावरून फिरून त्याची कंबर धरली होती. तो आमच्या ओसरीवर येणार म्हटल्यावर घरात दिवाळी. अंगण सारवलं, नवी सतरंजी अंथरली. सारवणाचं पाणी मीच वाहिलं आणि सकाळी डावा पाय जमिनीवर टेकेना.

आत्याबाईंनी पाहिलं. दंडाला धरून मला ओसरीवर आणलं. कानाशी बोलल्या, "आज जर पाय उचलला न्हाईस, तर उद्या गाडी जुपते." गाडी कुठं जाणार ते सांगायची गरज नव्हती.

गिरदावर पालथा पडला. भला थोरला माणूस, पाठ म्हणजे खळ्यात पसरलेली कणसांची पाथर. देशमुखही आले होते, आपली पाळी सोडून कौतुक बघत होते. मी भिंतीला हात लावून उजवा पाय उचलला. म्हणजे सगळा भार डाव्यावर आला. कळ अशी निघाली की डोळ्यांपुढं पांढरं झालं, आणि मी धाडकन त्या गिरदावराच्या पाठीवर बसले. बसले म्हणजे पडलेच. खालून कडकड आवाज झाला. माझ्या तोंडून जी किंकाळी निघाली ती सगळ्या ओव्यांतून साठवलेली होती.

मला वाटलं, मेला. मेला तर मेला, आता गाडी जुपलीच.

तर गिरदावर खालून म्हणतो, "बस, अम्मा, बस. निकल गया दर्द."

मला काही उठता येईना. मी तशीच बसून कण्हतेय, अंग थरथरतंय, केस सुटलेत, पदर कुठं गेला पत्ता नाही. आणि बघते तर ओसरीवरचे सगळे हात जोडून. देशमुख पगडी काढून. आत्याबाई पुढं आल्या, माझ्यापुढं गुडघे टेकले आणि म्हणाल्या, "बोल आई. काय चुकलं?"

अंगात आलं नव्हतं. कळ आलती. पण सुनेची कळ दिसेना त्यांना, देवी मात्र लगेच दिसली. एवढी अक्कल असलेल्या माणसांपुढं खरं बोलून उपयोग काय होता? मी तशीच घुमत राहिले आणि बोलले.

म्हणाले, "माझ्या झाडाला, ह्या पोरीला, वाकवू नका. हिनं कुणाच्या पायावर डोकं ठेवायचं न्हाई. जात्याला हात लावला तर गुण जाईल. भरली घागर उचलली तर गुण जाईल."

"न्हाई लावायची, आई."

"आन् ज्याची पाठ दुखती, त्यानं नारळ आणायचा न्हाई. पायलीभर जवारी सोताच्या हातानं दळायची. बायकोनं न्हाई, आईनं न्हाई. त्या पिठाची भाकरी खाऊन मग माझ्या पायाखाली यायचं."

 मग देशमुखांनी पगडी हळूच डोक्यावर ठेवली आणि विचारलं, "सगळी पायली, आई?"

"सगळी."

पुढच्या आयतवारी किती जण आले म्हणता? दोन. नेम ऐकूनच बाकीच्यांची उसण गेली होती, पाय लावायचं कामच उरलं नाही. देशमुखांनी दार लावून प्रयत्न केला म्हणे. त्यांच्या मोलकरणीनं विहिरीवर सांगितलं, दोन मुठी दळल्या आणि खुंटा सोडून आडवे झाले, म्हणाले, "आता बरं वाटतंय." गिरदावर तर त्या तालुक्यातच पुन्हा दिसला नाही.

आमच्या घरचं दळण आत्याबाईंनी धास्तीनं गावातल्या एका बाईला मोलानं लावलं. इतकी वर्षं जे परवडत नव्हतं ते देवीनं मागितल्यावर परवडलं. त्या भावाच्या पोरीचं लग्न पुढं तेलगावकडं कुठंतरी झालं. मी अक्षता टाकायला गेले होते.

ओसरी रिकामी झाली, मग मागच्या दारानं बाया येऊ लागल्या. दळून तर त्या रोजच यायच्या, त्यांना नेमाची अडचण नव्हती. पहिली आली ती देशमुखांचीच बायको. बैलगाडी नाही, गाद्या नाहीत, शेतातून परस्पर चालत. पालथी पडायला लागली.

मी म्हटलं, "उठा बाई. पायात काय न्हाई माझ्या. जुनं धोतर हाय का घरी?"

"कुणाचं?"

"मालकाचं. फाडा. पट्टा कसा आवळायचा दावते."

दुसऱ्या दिवशी ती धोतर घेऊन आली ते चांगलं कोरं होतं. तेच फाडलं आम्ही दोघींनी.